आतून कुणाचा?

कुठला आमदार कुठल्या पक्षाचा आहे, यात आप्पांना काडीचा रस नाही. पेपरात छापून येणारी माहिती त्यांच्या लेखी माहितीच नव्हे. आपण कुणाचंही नाव घ्यावं, आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवावा आणि विचारावं, "ते ठीक आहे हो, पण आतून कुणाचा?"

आप्पा साताऱ्याचे, आमच्याच आळीतले. उभा जन्म हिशेबनीस म्हणून गेला. नोकरी सुटली, खतावणी सुटली नाही. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या जाडजूड वहीत दर आमदाराला एक पान. डावीकडे 'बाहेरून', उजवीकडे 'आतून'. डावी बाजू शाईनं, उजवी पेन्सिलीनं. वहीला सुतळीनं खोडरबर बांधलेलं आहे आणि दर अधिवेशनाला ते नवं लागतं. उजवी बाजू इतकी खोडली गेलीय, की काही नामवंतांच्या पानाला आरपार भोक पडलंय. "हा कायमचा असाच," म्हणून आप्पा त्या भोकातून आपल्याकडे बघतात.

अधिवेशन चालू असलं की आप्पांच्या घरचा टीव्ही दुसऱ्या कुणाचा नसतो. अर्थमंत्र्यांच्या भाषणात आकडे काय आहेत, ते आप्पा ऐकत नाहीत. मागच्या रांगेतला कोण बाक वाजवतोय आणि कसा, हे बघतात. "अख्खा तळहात पडला तर मनापासून. नुसती बोटं वाजली तर नाइलाज." सभात्यागात सगळ्यात शेवटी कोण उठला, पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीत कुणाचे ओठ नुसतेच हलले, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पक्षाध्यक्षांचा फोटो गेल्या वर्षीपेक्षा किती बोटं आक्रसला, सगळी नोंद. सत्ताधारी आमदारानं आपल्याच मंत्र्याला लक्षवेधी लावली, की आप्पा मांडीवर थाप मारतात. "बघ! मन रमेना गड्याचं."

"अहो, त्याच्या तालुक्यात पाणी नसेल," वहिनी आतून म्हणतात.

"पाणी हे निमित्त असतं," आप्पा म्हणतात आणि पेन्सिलीला टोक काढतात.

हसावं तर पंचाईत अशी, की माणूस मुळात बरोबर बोलतो. 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. व्हीप मोडून मत दिलं किंवा न विचारता गैरहजर राहिलं, तर आमदारकीच जायची पाळी. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं पार पडतात. 'हो'च्या गलक्यात कुणाचा 'हो' बसका होता, हे अध्यक्षांनाही कळत नाही. सभागृहातल्या मतावरून आमदाराचं मन ओळखणं म्हणजे बँडवाल्याच्या गाण्यावरून त्याला लग्न पसंत आहे का, हे ठरवणं.

राज्यशास्त्र शिकणाऱ्या पुतणीनं एकदा आप्पांना सांगितलं, की अमेरिकेत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल या दोघांनी काँग्रेसमधल्या नोंदवलेल्या मतांवरून एकेका सदस्याला डावी-उजवीकडच्या रेषेवर नेमकं बसवून दाखवलं. आप्पांनी शांतपणे विचारलं, "तिथं व्हीप मोडला तर पद जातं?" नाही म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. "मग त्यात काय कर्तबगारी!" इंग्लंडचं मात्र पटलं. तिथले खासदार सहसा चर्चेलाही न येणाऱ्या ठरावांवर नुसत्या सह्या करतात, त्या सह्यांवर सहसा व्हीपचा जोर नसतो, आणि अभ्यासक फायनर व मंडळींनी त्याच मोजून मागच्या बाकांवरची मनं चाचपली, 1961 साली पुस्तकही काढलं. आप्पा गहिवरले. "सह्या! मी काय वेगळं सांगतोय?" तेव्हापासून वहीत निवेदनांवरच्या सह्यांचाही रकाना आहे.

पण आप्पांची खरी दिवाळी विधान परिषदेच्या निवडणुकीत. आमदारांनी मत द्यायचं, तेही गुप्त. राज्यसभेला मतपत्रिका निदान पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथं तेही नाही. 20 जून 2022 चा दिवस आप्पांना नातवाच्या बारशासारखा आठवतो. दहा जागा, अकरा उमेदवार, कोटा सव्वीसच्या आसपास. भाजपचे आमदार 106 आणि उमेदवार पाच, पाचही आले. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंड करून सुरतेच्या वाटेला लागले. आळीला हे सकाळी कळलं. आप्पा मात्र निकालापासूनच खतावणी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे किती अंदाज बरोबर आले, हे विचारू नये. "आकडा बरोबर आला, नावं थोडी इकडंतिकडं झाली," एवढंच ते म्हणतात.

बरं, हा रोग विधानभवनापुरता राहिला असता तर चाललं असतं. परवा सोसायटीच्या सभेत लिफ्टचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आप्पा उठले. "हात सगळ्यांनी वर केले, मान्य. पण कोपरं बघा! निम्मी कोपरं वाकलेली होती." त्यांनी पुढचे सगळे ठराव चिठ्ठ्या टाकून घ्यावेत अशी सूचना मांडली. सेक्रेटरींनी ती हात वर करून मताला टाकली. बाजूनं एकच हात उठला, आप्पांचा. कोपर अगदी सरळ.

वहिनी शेजारीच बसल्या होत्या, हात मांडीवर. घरी परतल्यावर आप्पांनी खतावणीत कोरं पान काढलं, वर वहिनींचं नाव घातलं. डावीकडे शाईनं 'आमच्या' लिहून झालं. उजवीकडे पेन्सिल टेकवून ते बसले होते, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "चहा टाकू का?" आप्पांनी मान वर केली आणि त्या कशा सुरात विचारताहेत, ते नीट ऐकून घेतलं.