काळ्या पिशवीच्या दात्यास



रात्री साडेदहाला, स्कूटर न थांबवता, कोपऱ्यावरच्या प्लॉटात काळी पिशवी भिरकावण्याचं आपलं कसब थक्क करणारं आहे. नेम म्हणजे नेम! काल पिशवी थेट मेथीच्या वाफ्यात. आपलं नाव इथे देत नाही. पण पिशवीत विजेचं बिल होतं. वेळेत भरलंत, अभिनंदन.

या प्लॉटाला पूर्वी वाली नव्हता, कबूल. बिल्डरचा राडारोडा, काँग्रेस गवत आणि आपली पिशवी, तिघांचं छान चाललं होतं. मग गल्लीतल्या काही रिकामटेकड्यांनी मालकाची लेखी परवानगी काढली, राडारोडा उचलला, घरोघरच्या ओल्या कचऱ्याचं खत केलं आणि भाजी लावली. आपली हक्काची जागा गेली, क्षमस्व.

तरी आपला दानधर्म थांबला नाही. भाताचं खरकटं, भाजीची देठं, डायपर, दाढीचं ब्लेड, सगळे एकाच पंगतीला. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगणारे नियम आपल्यासारख्या उदार माणसाला कसे मानवणार? असाच मिसळलेला कचरा पुण्याने वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या उशाशी नेऊन ओतला. तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपल्याला केवढी गैरसोय झाली असेल!

आणि परवा सोसायटीच्या सभेत आपणच उठून म्हणालात, ‘बागेतल्या खताला घाण वास येतो.’ साहेब, आम्ही ओल्या कचऱ्यावर वाळका पाला पसरतो, ढीग अधूनमधून उलथतो. हवा मिळाली की सूक्ष्मजीव कामाला लागतात, ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो आणि काही महिन्यांत काळंभोर, पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाचं खत हाती येतं. आपल्या पिशवीला मात्र घट्ट गाठ असते. आत पाणी भरपूर, हवा नाही. तिथे हवेवाचून जगणारे जिवाणू फोफावतात आणि तो वास सुटतो. सभेत आपण ज्याचं इतकं रसाळ वर्णन केलंत, तो आपल्याच स्वयंपाकघरातून आलेला आहे.

गंमत अशी की त्या पिशवीतलं निम्मं तरी आम्हाला हवंच असतं. तेव्हा ओला कचरा उघड्या डब्यात आणा, फाटकाशेजारच्या पिंपात ओता, वर दोन ओंजळी पाला टाका. डायपर आणि ब्लेड वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून घंटागाडीवाल्या ताईंच्या हाती सांगून द्या. त्यांचीही बोटं माणसाचीच आहेत. आणि आमच्या बागेतून रात्री गुपचूप खुडता तो गवती चहा दिवसाउजेडी मागून न्या, कुणी नाही म्हणणार नाही.

कळावे,
मेथीच्या वाफ्याचे राखणदार