पिकअपेच्छू

टेक्सासात स्थिरावलेला मराठी माणूस चाळिशीच्या आसपास पिकअपेच्छू होतो. तोवर नोकरी मुरलेली असते, पहिली कॅम्री आणि पोरांसाठी मिनीव्हॅनही घेऊन झालेली असते. मग एका संध्याकाळी सिग्नलला त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक पिकअप येऊन उभी राहते आणि कॅम्रीत बसल्या जागेवरून त्याला दोन्हीकडे फक्त चाकं दिसतात. लागण होते ती इथे.

मात्र ‘मला पिकअप हवी आहे’ असं तो कधीच म्हणत नाही. आपल्या घरांत ‘हवी’ हे कारण धरत नाहीत, ‘लागते’ हे धरतात. म्हणून तो गरजा शोधायला लागतो. बागेत माती टाकायची आहे. (माती होम डेपोतून वर्षाला चार पिशव्या येते, आणि कॅम्रीची डिकी तेवढ्याने अर्धीही भरत नाही.) जुना सोफा टाकून यायचा आहे. गणपतीत मंडळाचं सामान असतं. आणि पुढेमागे बोट घेतलीच तर? ज्या माणसाला पोहता येत नाही तो रात्री जागून बोटीच्या ट्रेलरचं वजन काढत बसतो.

गाडी कोणती, यावर फार वेळ जात नाही. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. चार लोक घेतात ती वस्तू वाईट नसते, यावर त्याचा गोडा मसाला आणि प्रेशर कुकरपासून विश्वास. त्यामुळे एफ-१५०. खरा संसार सुरू होतो तो इंजिनपाशी.

इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्समध्ये एटीकेटी लागलेला हा गृहस्थ आता जेवणाच्या टेबलावर टर्बोच्या उष्णतेवर बोलतो. ३.५ लिटरचा इकोबूस्ट सहा सिलिंडरचा, ४०० अश्वशक्तीचा, टॉर्क ५०० फूट-पौंड. ५ लिटरचा व्ही-एटही ४०० अश्वशक्तीचाच, पण टॉर्क ४१०. म्हणजे कागदावर धाकटं इंजिन थोरल्याला भारी. पण व्ही-एटचा आवाज! काही इकोबूस्ट गाड्यांत इंजिनाचा भारदस्त आवाज स्पीकरमधून सोडलेला असतो, हे कळल्यावर तो दोन दिवस अस्वस्थ असतो. लग्नात सनई टेपवर लावणाऱ्यांच्या कुळात जन्मूनही त्याला हे खपत नाही.

बायको एवढंच विचारते, “अरे, पण हे सगळं ओढणार काय?”

“प्रश्न ओढण्याचा नाहीये,” तो म्हणतो, आणि ते मात्र शंभर टक्के खरं असतं.

इंजिनानंतर ट्रिम. एक्सएल, एसटीएक्स, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम, आणि या सगळ्यांना न जुमानणारी रॅप्टर. तीच पिकअप, पण चाळीस हजार डॉलरच्या आगेमागे सुरू होऊन एक लाखाच्या पलीकडे जाते. ही चक्क जातिव्यवस्था आहे. कुणाच्या ग्रिलला काळं प्लास्टिक आणि कुणाच्या ग्रिलला क्रोम, यावरून लांबूनच ओळख पटते. एक्सएल प्लंबरची, रंगाऱ्याची, कुंपणवाल्याची. तिच्या हौद्यात शिडी असते. प्लॅटिनमच्या हौद्यात काहीही नसतं. ‘मी जातपात मुंबईच्या विमानतळावरच सोडली’ असं सांगणारा आपला पिकअपेच्छू महिन्याभरात पार्किंगमध्ये पुटपुटायला लागतो, “क्रोम पॅकेज लावलंय, पण आहे एक्सएलटीच.” आवाजाची पट्टी तीच, जी पूर्वी एखाद्याचं आडनाव कळल्यावर लागायची.

किंग रँच हा तर वंशावळीचाच मामला. १८५३ साली सुरू झालेलं, आठ लाख एकरांहून मोठं, दक्षिण टेक्सासातलं हे कुरण. त्याच्या नावाची ट्रिम म्हणजे तपकिरी कातडी सीटा आणि त्यावर कुरणाचा छाप. टोयोटाही मागे नाही. सॅन अँटोनिओला तिचा कारखाना ज्या जमिनीवर आहे, तिथे १७९४ पासून एक कुरण होतं, म्हणून टुंड्रा पिकअपच्या एका ट्रिमचं नाव ‘१७९४’. जपानी कंपनी टेक्सासची खानदानी विकते आणि निफाड तालुक्यात दीड एकराचा अर्धा वाटेकरी ती विकत घेऊ पाहतो. जागतिकीकरणावरचे जाडजूड ग्रंथ मला कधी झेपले नाहीत, हे मात्र लगेच कळलं.

आता हा हिशेबी माणूस एक्सएलटीवरच थांबला असता. पण कंपनीनेही दुनिया पाहिली आहे. टेक्सासच्या उन्हात पाठीला गार वारा देणारी सीट लागते, ती मिळते लॅरिएटपासून पुढे. दार उघडताच आपोआप खाली येणारी पायरी हवी, तर आणखी वर चढा. “आईचे गुडघे,” तो म्हणतो. आई दोन वर्षांतून एकदा येते आणि मिनीव्हॅनमध्ये आनंदाने बसते. पण आईच्या गुडघ्यांना प्रतिवाद करायची कुणाची टाप आहे?

बायको विरघळते ती वेगळ्याच मुद्द्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फ पडला आणि लाखो घरांची वीज गेली. त्या वर्षीच्या एफ-१५० हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटपर्यंतचा जनरेटर मिळत होता. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी गाडीतून वायर ओढून घरात दिवे आणि हीटर चालवले. या दोघांनी ते दिवस स्वेटरवर स्वेटर चढवून, कॅम्पिंगच्या शेगडीवर खिचडी करून काढले होते. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या बाईला जनरेटरचं महत्त्व पटवावं लागत नाही. “मग ती घे,” ती म्हणते. सहा महिन्यांची एक्सेल शीट एका वाक्यात निकाली निघते. लॅरिएट, हायब्रिड, ४३० अश्वशक्ती.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, तो शोरूममध्ये कुणी फारसा वाचत नाही. माणसं आणि माल मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि काचेचं छप्पर, मोटारवर हलणाऱ्या सीटा, हायब्रिडची बॅटरी हे सगळं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणजे गाडी जितकी सजवाल तितकी ती कमी ओझं उचलते. सजलेल्या हायब्रिडवर दीड हजार पौंडांच्या आतबाहेरचा आकडा सापडतो. हे गणित त्याला गावाकडून कळतं. धाकटा भाऊ बोलेरो पिकअपमध्ये कांदा घालून लासलगावला जातो. गाडी सतराशे किलो माल नेणारी, इंजिन ऐंशी अश्वशक्तीच्या आतबाहेरचं.

“दादा, भरते किती?”

“सहाशे ऐंशी किलो.”

“तुम्ही बसलेले सोडून ना?”

“धरून.”

फोनवर हिशेब चाललेला ऐकू येतो. “मंजे पाच माणसं बसली का तीन क्विंटल.”

“पण ओढते पाच टन!”

“तुझ्याकडं ओढायला काय हाये?”

गणपती येतात. मंडळाला मखरासाठी आठ बाय चारचे प्लायवूड न्यायचे असतात, आणि सगळ्यांचे डोळे साहजिकच नव्या पिकअपकडे वळतात. हौदा साडेपाच फुटांचा; लांब हौदा घेतला असता तर गाडी गॅरेजमध्ये मावली नसती. फाळका पाडून, दोरीने बांधून प्लायवूड सहज जाईल, हे त्यालाही माहीत असतं. पण रंगाला चरा गेला तर? शेवटी प्लायवूड मागच्या सीटा पाडलेल्या मिनीव्हॅनमध्ये सपाट, अख्खे, दार लावून जातात. मिनीव्हॅन बायको चालवते. मागून मालक पिकअपमध्ये झेंडूच्या दोन पिशव्या घेऊन येतो. त्याही पुढच्या सीटवर, कारण तिथे गार वारा लागतो.

रविवारी तो भावाला व्हिडिओ कॉलवर गाडी फिरून दाखवतो. ग्रिल, चाकं, पायरी, आणि हौद्यावर हजार-बाराशे डॉलर देऊन बसवलेलं घडीचं कडक झाकण.

“आत काय ठेवलंय?”

“काही नाही.”

“मग झाकलंय कशाला?”

“पावसानं खराब होतो ना हौदा.”