पहिल्या भाषेचे निवडकर

प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलेल्या माणसांचे दोन प्रकार सर्वांना ठाऊक असतात: शिकणारे आणि मध्येच सोडणारे. तिसरा प्रकार निवडकरांचा. निवडकर शिकत नाही, त्यामुळे सोडण्याचा प्रश्नच येत नाही. तो पहिली भाषा निवडत असतो. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात तो सापडतो. बहुधा अकाउंट्समध्ये, म्हणजे आयटीवाल्यांचे पगार कानावर पडतील इतक्या अंतरावर.

"काय निवडकर, कुठवर आलं शिक्षण?" असं त्याला विचारू नये. विचारलंत तर तो खुर्ची ओढून घेतो, चहा सांगतो, आणि "त्याचं काय आहे..." अशी सुरुवात करतो. त्याचं काय आहे, हे कळेपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या होतात.

प्रत्येक भाषेची वंशावळ त्याला तोंडपाठ असते. सी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने केली. पायथन गिदो व्हान रॉसमने १९९१ मध्ये जगापुढे ठेवली; तिचं नाव अजगरावरून नव्हे, तर बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून. जावा १९९५ ची, सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेम्स गॉस्लिंगची. ऑफिसबाहेरच्या झाडावरून तिचं पाळण्यातलं नाव 'ओक' ठेवलं होतं. हे कळल्यावर आठवडाभर निवडकरला जावा अगदी घरची वाटत होती. एक ते दहा आकडे पडद्यावर कसे छापायचे, एवढं मात्र त्याला यातल्या एकाही भाषेत येत नाही.

आणि प्रत्येक भाषेत त्याला खोट सापडतेच.

"सी म्हणजे पाया," असं म्हणत त्याने अप्पा बळवंत चौकातून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आणलं. पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर नाव आणि तारीख घातली. मग कुणीतरी त्याला पॉइंटरची भीती घातली. "वस्तू वेगळी, वस्तूचा पत्ता वेगळा, आणि वर त्या पत्त्याचाही पत्ता! आपल्याला पहिली भाषा हवीय, पोस्टात नोकरी नकोय." कव्हर अजून कोरं आहे.

जावास्क्रिप्ट तर त्याने उभ्या उभ्या नाकारली. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "दहा दिवसांचा गणपती असतो हो, भाषा नसते!" आज जगातला प्रत्येक ब्राउझर हीच भाषा चालवतो, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "चालवत असेल. टिकेल का, ते सांगा."

पायथनवर त्याचा जीव आहे, पण तिथे समास आडवा आला. ओळ किती जागा सोडून सुरू करायची याला पायथनमध्ये अर्थ असतो. ते चुकलं की प्रोग्राम चालत नाही. "समासासाठी शाळेत छड्या खाल्ल्या, आता या वयात पुन्हा?" शिवाय २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा दुसरीतलं साधं प्रिंटसुद्धा तिच्यात चालेना, आणि १ जानेवारी २०२० ला दुसऱ्या आवृत्तीची देखभालच थांबली. यातून निवडकरने काढलेला निष्कर्ष असा: चौथी येईपर्यंत थांबावं.

गो, स्विफ्ट, कोटलिन, रस्ट या नव्या मंडळींची तो चौकशी ठेवून आहे. रस्टवर तर मध्यंतरी फार बोलत असे, कारण ऑफिसात ती कुणालाच येत नव्हती आणि त्याला कुणी काही विचारण्याची भीती नव्हती. हल्ली त्याला आणखी एक भक्कम कारण मिळालंय. "आता एआयच कोड लिहून देतं म्हणे. मग घाई कशाला? जरा चित्र स्पष्ट होऊ दे." निवडकरचं चित्र गेली कित्येक वर्षं स्पष्ट होतंय.

दरम्यान तो सल्लाही देतो. वरच्या मजल्यावरचा मुलगा अकरावीला जाताना विचारायला आला, "काका, आधी कुठली भाषा शिकू?" काकांनी त्याला दीड तास बसवून तेरा भाषांचे गुणदोष सांगितले. मुलगा घरी जाताना आईला म्हणाला, "मी बायोलॉजी घेतो."

खरं तर ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांना विचारून पाहा, पहिली भाषा कशी निवडलीत? ते बुचकळ्यात पडतात. त्यांनी निवडलेलीच नसते. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विज्ञानशाखेबाहेरच्या मुलांनाही जमावी म्हणून बेसिक बनवली. पुढे ऐंशीच्या दशकातले बरेचसे घरगुती संगणक चालू केले की समोर बेसिकच यायची, म्हणून एक अख्खी पिढी बेसिक शिकली. आपल्याकडे बारावीच्या संगणकशास्त्रात ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या जोडीला सी प्लस प्लस असायची. इंजिनिअरिंगला गेलेल्यांसमोर टर्बो सीचा निळा पडदा उघडायचा. आता सीबीएसईची मुलं अकरावीपासून पायथन करतात. यातल्या कुणालाही कुणी "तुला कुठली आवडेल?" असं विचारलेलं नाही. कधी अभ्यासक्रमाने दिली, कधी मशिनीने, कधी साहेबाने.

आणि चुकीची भाषा पदरात पडली तर? एड्सगर डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये लिहून ठेवलं, की आधी बेसिक शिकलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य. त्याच वर्षी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन पोरांनी आल्टेअर संगणकासाठी बेसिक लिहिली आणि तिच्याच जोरावर मायक्रोसॉफ्ट सुरू केली. निवडकरला ही दोन्ही प्रकरणं तारीखवार माहीत आहेत. दोन्ही एकाच वर्षी घडली, याकडे मात्र त्याचं लक्ष गेलेलं नाही.

परवा त्याने मला त्याची एक्सेल शीट दाखवली. चौदा भाषा, प्रत्येकीपुढे जन्मवर्ष, जनक, पगार, सोपेपणा, भविष्य. प्रत्येक रकान्याला वजन दिलेलं. पगार अमुकपेक्षा जास्त असेल तर इतके गुण, नसेल तर सोपेपणा बघ, तोही नसेल तर भविष्य बघ: एका 'इफ'च्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. दुसऱ्या शीटवरून नावं शोधून आणायला व्हीलुकअप. बटण दाबलं की क्रमवारी लावणारा मॅक्रो. जावाची बेरीज चुकत होती, तर रात्री साडेअकरापर्यंत जागून त्याने शोधून काढलं, की पगाराचा एक आकडा आकडा नसून मजकूर म्हणून बसला होता.

"निवडकर," मी म्हटलं, "ही अट, ही तुलना, ही चूक शोधणं. प्रोग्रामिंग म्हणजे आणखी काय असतं? हास्केल भाषा घडवणाऱ्यांपैकी सायमन पेटन जोन्स हेसुद्धा एक्सेलच्या सूत्रांकडे प्रोग्रामिंगची भाषा म्हणूनच बघतात. तुमची पहिली भाषा कधीच झाली. आता दुसरी घ्या."

तो बराच वेळ शीटकडे बघत राहिला. मग त्याने पंधरावी ओळ घातली, नावाच्या रकान्यात 'एक्सेल' लिहिलं आणि विचारलं, "हिचं भविष्य कितपत धरू?"

तुमच्याही ओळखीत एखादा निवडकर असणारच. त्याला भाषा सुचवू नका. सोळावी ओळ होईल, बाकी काही नाही. त्याला काम सांगा. सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी काढून प्रत्येक फ्लॅटला पत्र तयार करायचंय, किंवा मुलीची पाढ्यांची तोंडी परीक्षा घेणारं काहीतरी हवंय, आणि हे रविवार संध्याकाळपर्यंत हवंय, असं बजावून सांगा. सगळ्या भाषांत अट तीच, फेरा तोच, चुकाही त्याच. हाताशी असेल त्या भाषेत तो काम उरकेल. शनिवारपर्यंत तरी त्याला निवडायला वेळ मिळू देऊ नका.