फुकटचे राखणदार

‘फ्री पॉप-अप ब्लॉकर’ असं गूगलवर शोधून बघा. बहुतेक वेळा सगळ्यात वर जाहिरातच येते, आणि तीही ब्लॉकरचीच. तिच्यावर टिचकी मारली की एक पान उघडतं. त्यावर हे भलंमोठं हिरवं बटण: ‘डाउनलोड’. त्याखाली आणखी एक हिरवं बटण, तेही ‘डाउनलोड’. खरं बटण खाली कोपऱ्यात, करड्या अक्षरांत, लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’इतकंच ठळक. ते सापडेपर्यंत आणखी दोन खिडक्या उघडलेल्या असतात आणि त्यातली एक तुमचं अभिनंदन करत असते.

या उपद्रवाला जन्मदाता आहे. एथन झुकरमन त्याचं नाव. नव्वदच्या दशकात तो अमेरिकेत ‘ट्रायपॉड’ नावाच्या कंपनीत होता. तिथं कुणीही फुकटात आपलं पान थाटायचं, आणि कंपनी त्यावर जाहिराती लावायची. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच अश्लील विषयाच्या पानावर झळकली आणि कंपनी खवळली. मग या गृहस्थाने तोड काढली: जाहिरात पानावर लावायचीच नाही, वेगळ्या खिडकीत उघडायची. म्हणजे ‘त्या पानाशी आमचा संबंध नाही’ म्हणायला जाहिरातदार मोकळा. 2014 मध्ये त्याने ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून जगाची माफी मागितली. आमचा हेतू चांगला होता, हेही सांगितलं. चांगल्या हेतूचा माणूस दिसला की हल्ली मी आधी खिडकी लावून घेतो.

खरं तर या जुन्या खिडक्यांचा बंदोबस्त 2004 सालीच झाला. त्या वर्षी इंटरनेट एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने पॉप-अप अडवण्याची सोय दिली, फायरफॉक्सची पहिली आवृत्ती ती घेऊनच आली. आज कुठल्याही ब्राउझरमध्ये ती आपोआप चालू असते. मग खिडक्या येतात कुठून? तर ब्राउझरचा नियम असा, की माणसाने टिचकी मारली नसताना उघडणारी खिडकी अडवायची. टिचकी मारली असेल तर त्याचीच इच्छा समजून उघडू द्यायची. जाहिरातवाल्यांनी नियम नीट वाचला. जाहिरात बंद करायची जी फुली असते, तिच्यावर तुम्ही बोट ठेवता ना, तीच तुमची टिचकी. जाहिरात बंद करण्याच्या इच्छेनेच तुम्ही पुढची जाहिरात उघडता, रीतसर, स्वखुशीने.

दुसरा रस्ता याहून सोपा आहे. तो मला साहुकारपेठेत कळला.

चेन्नईच्या साहुकारपेठेत मिंट स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातली माणसं भेटतात. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातून निघून ती भारतभर पांगली; जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देण्याचा गलाईचा धंदा त्यांचा. तमिळ अस्खलित, हिशेब मराठीत. त्यातल्या एका मामांच्या दुकानात काउंटरवर एक लॅपटॉप आहे. कामाला एकच: सोन्याचा भाव बघणे. मामांनी मला हाक मारली ती या लॅपटॉपसाठी.

‘‘आरं, भाव बघाय गेलं की कोपऱ्यात लाल पाटी येती. म्हणती तुमच्या कॉम्पुटरात पाच व्हायरस हायती. नंबर बी दिलाय, फोन करा म्हणून.’’

‘‘केलात का फोन?’’

‘‘मी काय खुळा हाय व्हय? रिची स्ट्रीटला नेला.’’

रिची स्ट्रीट म्हणजे माउंट रोडला लागून असलेला चेन्नईचा इलेक्ट्रॉनिक बाजार. सुईपासून सर्व्हरपर्यंत काय हवं ते मिळतं, आणि नको तेही. तिथल्या कुठल्याशा दुकानातल्या पोराने मामांना ‘फ्री दान, सार’ म्हणत तीन ब्लॉकर आणि एक ‘क्लीनर’ घालून दिला होता. हात लावायची मजुरी वेगळी. आता लाल पाटी होतीच, शिवाय क्लीनरची निळी पाटी यायला लागली होती: साफसफाई पूर्ण हवी असेल तर पैसे भरा.

‘‘मामा, कुठल्या साइटवर ‘अलाउ’ दाबलं होतं का?’’

‘‘दाबलं की. ते दाबा म्हणत हुतं, म्हणून दाबलं.’’

झालं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘साइट सेटिंग्ज’, तिथून ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी मिळालेल्यांची ही लांब यादी. भाव सांगणाऱ्या साइटी दोनच. बाकी ज्यांची नावं उच्चारताही येणार नाहीत असली अक्षरांची कडबोळी. एकेकाच्या बाजूचे तीन ठिपके दाबले, ‘रिमूव्ह’ केलं. लाल पाटी गेली. व्हायरस एकही नव्हता. ती जाहिरात होती, आणि तिला मामांनीच परवाना दिलेला होता. लोक ज्याला पॉप-अप म्हणून शिव्या घालतात त्यातला बराच भाग हा असला असतो आणि त्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. पण ‘काही घालू नका, काढा’ असं सांगणाऱ्या माणसाला रिची स्ट्रीटवर मजुरी कोण देणार?

केंद्र सरकारनेही या प्रकाराची दखल घेतली आहे. 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवण्याच्या तेरा तऱ्हा अधिसूचनेत नावानिशी दिल्या. सतत टुमणं लावणं त्यात आहे, आणि ‘तुमच्या यंत्रात व्हायरस आहे’ अशी भीती घालून बनावट उपाय गळ्यात मारणंही आहे. लाल पाटी लावणाऱ्याने राजपत्र वाचलं नसावं.

तरीही ब्लॉकर एक हवाच. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर 2022 मध्ये लोकांना जाहीर सल्ला दिला, की इंटरनेटवर शोधाशोध करताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा, कारण ठग जाहिराती विकत घेऊन खऱ्या कंपन्यांची सोंगं घेतात. प्रश्न एवढाच, की फुकट ब्लॉकर निवडायचा कसा. लोक तारे बघतात, डाउनलोडचे आकडे बघतात. 2018 मध्ये क्रोमच्या दुकानातले पाच ब्लॉकर बनावट निघाले. त्यांचे वापरणारे मिळून दोन कोटींवर होते. प्रकरण उघडकीस आणलं ‘अ‍ॅडगार्ड’ने, जे स्वतःही ब्लॉकरच विकतात, पण म्हणून माहिती खोटी ठरत नाही. गूगलने ते पाचही काढून टाकले. तेव्हा तारे सोडा. फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, तेवढं विचारा.

अ‍ॅडब्लॉक प्लसचं घ्या. चालवणारी कंपनी जर्मनीतली. 2011 पासून त्यांनी ‘सुसह्य जाहिराती’ नावाची सवलत काढली: सभ्य दिसणाऱ्या जाहिराती आत सोडायच्या, आणि बड्या कंपन्यांकडून त्याबद्दल पैसे घ्यायचे. यात चोरी काही नाही, कंपनी हे उघड सांगते, आणि सेटिंग्जमधली एक खूण काढली की सवलत बंदही होते. पण ती खूण काढायला जातो कोण? आपल्याकडे टोलनाक्याचं कंत्राट घेणाऱ्यालाही इतकी देखणी कल्पना सुचली नव्हती: दोन्ही बाजूंना आपण उभे, आणि गाडीवाला समजतोय की नाका त्याच्या सोयीसाठी आहे.

याच्या उलट टोकाला ‘यूब्लॉक ओरिजिन’. रेमंड हिल नावाचा कॅनडातला एक माणूस ते लिहितो. कोड उघडा, कुणीही तपासावा. देणगी द्यायला गेलात तर घेत नाही. द्यायचीच असेल तर जाहिरातींच्या याद्या राखणाऱ्या स्वयंसेवकांना द्या म्हणतो. कारण खरी मेहनत त्या याद्यांची. कुठल्या पत्त्यावरून येणारा माल अडवायचा, हे हजारो ओळींत लिहिलेलं असतं, आणि जाहिरातवाले पत्ते बदलतील तसं ते बदलत राहावं लागतं. भारतीय भाषांच्या साइटींसाठी ‘इंडियनलिस्ट’ नावाची वेगळी यादी आहे. तिच्यात तमिळ आहे, मराठीही आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन तिच्यावर खूण करावी लागते. मराठी बातम्यांच्या साइटी वाचणाऱ्याने ती करावीच. नावात मात्र ‘ओरिजिन’ आहे ना ते पाहावं. नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळं बिऱ्हाड, आणि ते 2018 मध्ये दुसऱ्याच ब्लॉकरवाल्यांच्या ताब्यात गेलं. आणि ब्लॉकर एकच ठेवावा. तीन ठेवले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. मामांच्या लॅपटॉपवर ते घडतच होतं.

आता गंमत अशी, की हे ओरिजिन क्रोममध्ये चालत नाही. एक्स्टेन्शनांच्या नियमांत बदल करून गूगलने 2024 पासून ते टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. कारण दिलं सुरक्षेचं, आणि ते अगदीच खोटं नाही. ते पाच बनावट ब्लॉकर जुन्या नियमांतच फोफावले होते. पण गूगलच्या मूळ कंपनीच्या कमाईत रुपयातले जवळपास बारा आणे जाहिरातींचे, हेही विसरू नये. क्रोमवाल्यांसाठी ‘लाइट’ नावाची उणी आवृत्ती आहे. मामांना ती घालून दिली. भावापुरती ती पुष्कळ. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स, तेही अँड्रॉइड फोनवरसुद्धा. आणि फायरफॉक्सच्या मोझिलाचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर उत्तर आहे: मोठा वाटा गूगलच्याच पैशांचा, शोधपेटीच्या करारातून. विचारून पश्चात्ताप होणारे प्रश्न असतात, त्यातला हा.

चेन्नईकरांना मात्र घरचाच पर्याय आहे. गुडुवांचेरीजवळ ज्यांचं मोठं आवार आहे त्या झोहोने मे 2023 मध्ये ‘उला’ नावाचा ब्राउझर आणला. जाहिराती अडवण्याची सोय आतच. मार्च 2025 मध्ये केंद्राच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत त्याला पहिलं, एक कोटीचं बक्षीस मिळालं. स्वदेशीच्या नावाने ढोल वाजवणाऱ्यांना कुणीतरी हळूच सांगा, की उलाचा गाभा क्रोमियम, म्हणजे गूगलच्याच पुढाकारातला. पण चेन्नईत हल्ली घरोघरी इडलीचं पीठ विकतच आणतात आणि इडली तरीही घरचीच म्हणवते. मला उलाबद्दल पटतं ते वेगळंच: झोहो जाहिरातींवर जगत नाही, कंपन्यांना सॉफ्टवेअर विकून जगते. तेव्हा जाहिरात आत सोडण्यात तिचा काही फायदा नाही. हे उद्या बदललं तर माझंही मत बदलेल.

इथं संपादक खाकरतील. वर्तमानपत्रांच्या साइटी जाहिरातींवर चालतात, या सदराचं मानधनही त्यातूनच येतं. मान्य. म्हणून ज्या साइटीच्या जाहिराती जागच्या जागी बसून राहतात, तिला मी ब्लॉकरमध्ये सूट देतो. जी बातमीच्या तिसऱ्या ओळीवर उडी मारते, तिने सूट मागू नये.

मामांचा फोन दोन दिवसांनी आला. भावाची साइट आता म्हणत होती, ‘तुम्ही अ‍ॅड ब्लॉकर वापरत आहात असं दिसतं, तो बंद करा, मगच भाव दाखवू.’

‘‘मग काय केलंत?’’

‘‘काय करायचंय? समोरच्या मारवाड्याला हाक मारली. त्यो सांगतोय की रोज.’’