राईत हॉट डॉग शोधताना

भाईंदर पश्चिमेला उतरायचं, शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा माणूस म्हणून बसायचं, आणि बोस मैदान, मुर्धे मागे टाकलं की आमचं गाव. राई. मोहरीच्या दाण्याएवढं नाव. त्यावर राईच्या पर्वताचा विनोद ज्याला त्याला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं. माझा आवडता विनोद वेगळा आहे आणि तो खरा घडलेला आहे. भाईंदरच्या किराणा दुकानात सामान घरपोच हवं होतं म्हणून पत्ता सांगितला, "राई." शेठ मान वर न करता म्हणाले, "कितनी दूँ?"

मराठी घरात फोडणीला मोहरी पडते, राई पडते ती शेठजींच्या घरात. पण राई म्हणजे झाडांची दाट जागाही, देवराई-आमराईतली. कुठल्या राईवरून गावाचं नाव पडलं यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्षांना हल्ली ना शेत दिसतं ना झाडी, त्यामुळे वाद छान चालतो.

तर या राईत गेल्या डिसेंबरात माझ्या बहिणीचा नातू आला. वय अकरा, मुक्काम जर्सी सिटी. पहिल्या दिवशी त्याला पापलेट वाढलं, दुसऱ्या दिवशी कोलंबी, तिसऱ्या दिवशी चिंबोरी. चिंबोरीच्या नांग्या फोडताना त्याच्या चेहऱ्यावर दंतवैद्याकडे बसल्यासारखा भाव होता. चौथ्या दिवशी त्याने अगदी अदबीने विचारलं, "आजोबा, इथे हॉट डॉग मिळतो का?"

बहीण ओशाळली. मी म्हटलं, मिळतो की. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. वस्तू आहे की नाही हा पुढचा प्रश्न. (या पदार्थाच्या नावातल्या कुत्र्यावरचे विनोद आम्ही शाळेतच करून संपवले होते. ते इथे पुन्हा करणार नाही.)

आता राईत हॉट डॉग शोधायचा म्हणजे आधी राईत विकतचं खाणं शोधायला हवं. ते फारसं नाहीच. रस्त्याला एक चहा-वड्याची गाडी, दोन-तीन दुकानांत बरणीतली बिस्किटं आणि फरसाणच्या माळा, झालं. याचा अर्थ गाव उपाशी आहे असा नव्हे. आम्ही आगरी माणसं, मिठागरांची आणि भातशेतीची. शिजवलेलं अन्न विकायचं असतं ही कल्पनाच आमच्याकडे उशिरा पोचली. माझ्या लहानपणी 'बाहेर जेवायला जाणं' म्हणजे शेजारच्या ओट्यावर जाणं. आई म्हणायची, "ज्याचं कुनी नाय तो हाटेलात जेवतो." मुंबईत नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा हॉटेलात राइस प्लेट खाल्ली आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती रात्रभर माझ्याकडे अनाथाकडे पाहावं तशी पाहत होती.

2002 साली आमची महानगरपालिका झाली. मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्ध्यात येणार होती, गावाने नको म्हटल्यावर ती डोंगरीकडे सरकली. इतकं सगळं आलं-गेलं, पण खाऊगल्ली काही मुर्धे ओलांडून आली नाही. ती भाईंदरातच थबकली आहे. म्हणून संध्याकाळी पाहुण्याला घेऊन मी भाईंदर गाठलं.

दीडशे फुटी रस्त्याच्या बाजूला संध्याकाळी जे उभं राहतं त्याला मी मनातल्या मनात संयुक्त राष्ट्रं म्हणतो. लाल कापडाच्या आड चायनीज. त्याच्या शेजारी डोसा, ज्यात चीज, शेझवान चटणी आणि पावभाजीची भाजी एकत्र नांदते आणि जो तव्यावरून खरवडून उभा केला की पुठ्ठ्याची गुंडाळी दिसतो. मग मोमो, मग फ्रँकी, मग कच्छच्या मांडवीहून निघालेली दाबेली. निम्म्या गाड्यांवर 'जैन मिळेल' अशी पाटी. ही पाटी फार मोठी गोष्ट आहे. कांदा, लसूण, बटाटा काढून घेतल्यावर पावभाजीत काय उरतं असं कुणी विचारेल. त्याने भाईंदरला यावं. कच्चं केळं काय काय होऊ शकतं हे कळल्यावर माणसाचा बटाट्याविषयीचा आदर थोडा कमी होतो.

एका गाडीवर चक्क इंग्रजीत हॉट डॉग लिहिलेलं होतं. मी विजयी मुद्रेने एक मागवला. आला. लांब पाव होता. पावात कोबी, मेयोनीज, टोमॅटो सॉस, वर मूठभर शेव. पाहुण्याने पावाचं वरचं पान उचललं आणि देवळाबाहेर हरवलेली चप्पल शोधावी तसा आत पाहू लागला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "सॉसेज?"

मी गाडीवाल्याकडे पाहिलं. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "जैनवाला है, अंकल. इसमें आलू भी नहीं है."

म्हणजे सॉसेज काढून बटाटा घातला होता आणि मग बटाटाही काढला होता. उरलं होतं ते नाव. पण मला राग आला नाही. बोरिवलीच्या पुढे राहणाऱ्या माणसाला दुरून येणाऱ्या वस्तू वाटेत काय काय गमावतात याची कल्पना असते. चर्चगेटहून निघालेला मीही घरी पोचेपर्यंत पूर्ण कुठे असायचो?

शिवाय हॉट डॉग स्वतः तरी कुठला मूळ गावचा? फ्रँकफर्ट आणि व्हिएन्नाची सॉसेजं जर्मन माणसांबरोबर बोटीने न्यूयॉर्कला गेली आणि तिथे कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर पावात शिरली. तिथली एक गोष्ट मला विशेष आवडते. फेल्टमन नावाच्या बड्या उपाहारगृहात हॉट डॉग 10 सेंटला मिळायचा. तिथेच कामाला असलेल्या नेथन हँडवर्कर नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसाने 1916 साली जवळच स्वतःची टपरी टाकली आणि तोच माल 5 सेंटला विकू लागला. मालकाच्या जवळच निम्म्या भावाची गाडी! हे वाचल्यावर न्यूयॉर्क मला एकदम भाईंदर स्टेशनच्या जवळ आल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे येईपर्यंत या पदार्थाने बरीच सोंगं घेतली. होळकरांच्या इंदूरला छप्पन दुकान म्हणून खाण्याची जागा आहे. तिथे हॉट डॉग म्हणून जे प्रसिद्ध आहे ते गोल पावातलं प्रकरण. अंड्याचं घेतलंत तर त्याला बेंजो म्हणतात. इंदूरकर ते असं खातात की अमेरिकेने त्यांच्याकडून उसनं घेतलं असावं. मुंबईत टिब नावाच्या गृहस्थांना बैरूतमधली गुंडाळलेली रोटी आवडली. त्यांनी 1969 साली तशीच गुंडाळी इथे विकायला काढली आणि वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलवरून तिला फ्रँकी नाव दिलं. लेबनॉनची कल्पना, पंजाबी गृहस्थ, कॅरिबियन नाव, आणि खाणारा भाईंदरचा. वड्याला पावात बसवण्याचं श्रेय दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्यांना देतात, साल 1966. आणि ज्या पावाने हे सगळं पोटात घेतलं तो पोर्तुगीजांचा. यीस्ट नव्हतं तेव्हा गोव्यात पीठ ताडीने फुगवत. खाडीपलीकडे वसई. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये ती घेतली, त्या मोहिमेत आमच्या बाजूचा धारावीचा किल्लाही घेतला. पोर्तुगीज गेले. पाव राहिला. तहात त्याचा उल्लेख करायचं बहुतेक राहून गेलं.

हे सगळं मी परतीच्या रिक्षात पाहुण्याला सांगितलं. तो झोपला होता.

दुसऱ्या संध्याकाळी मीरा रोडला नया नगरात गेलो. तिथे निखाऱ्यांवर सळ्या फिरत होत्या. सीख कबाब सळीवरून सरळ पावात काढला, वर कांदा, हिरवी चटणी. लांबट, गरम, मांसाचा, पावातला. माझ्या मते व्याख्या पूर्ण होत होती. पाहुण्याने चार खाल्ले आणि म्हणाला, "ऑलमोस्ट." अकरा वर्षांच्या मुलांना 'जवळजवळ' या शब्दातला क्रूरपणा ठाऊक नसतो.

तिसऱ्या दिवशी मी माझा हुकमाचा पत्ता काढला. उत्तनला माझ्याबरोबर नोकरी केलेला एक मित्र आहे, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच ख्रिस्ती. त्याच्या आईला फोन केला. मावशी ऐंशीच्या घरातल्या, स्वयंपाकघर अजून त्यांच्या ताब्यात. त्यांच्याकडे गोव्याहून आणलेली चोरीसची माळ होतीच. लालभडक, व्हिनेगरात मुरलेली. ती कांद्यावर परतली आणि पावात घातली. सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. पूर्वी त्यातही ताडी असे. आता यीस्ट घालतात आणि मावशी दर वेळी त्याबद्दल खंत व्यक्त करतात. पावात सॉसेज हीच जर अट असेल, तर ईस्ट इंडियन माणूस कोनी आयलंडचं नावही न ऐकता कित्येक पिढ्या हॉट डॉग खात आला आहे, फक्त त्याचं बारसं करायचं राहिलं.

पाहुण्याने पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी. दुसरा घेतला. नाकात पाणी. तांब्याभर पाणी पिऊन तो म्हणाला, "आजोबा, हे तेच आहे. पण हे रागावलेलं आहे."

मावशी खूश झाल्या. त्यांनी अजून एक वाढला.

इथे माझा शोध संपायला हवा होता. पण चौथ्या दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या वयनी ओट्यावर बसल्या होत्या. दुपारचं जेवण त्या उशिरा जेवतात. मिठागरावर राबायच्या तेव्हाची सवय. तेव्हा बांधावर बसून खायचं ते फडक्यात बांधून नेलेलं, म्हणजे तांदळाची भाकर, कांदा आणि सुका बोंबील. आजूबाजूला मिठाचे ढीग, आणि तरी घरून मिठाची पुडी न्यायला विसरलो तर भांडण, असं त्या सांगतात. माझा यावर विश्वास नाही, पण गोष्ट चांगली आहे. आमच्या भागातलं मीठ खाऊन अख्खी मुंबई मोठी झाली, वडापावापासून चिकन मंचुरियनपर्यंत सगळ्यांनी आमचं मीठ खाल्लंय. मिठाला जागण्याबद्दल मात्र गाडीवाल्यांनी कधी विषय काढला नाही.

वयनींनी पाहुण्याला हाक मारली. "ये रं पोरा. जेवलास का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे आता सुटका नाही.

त्यांनी सुका बोंबील गॅसवर जाळीत भाजला. वास वाड्यात सगळीकडे गेला. दोन मांजरं आली आणि शिस्तीत बसली. मग वरवंट्याने ठेचून मधला काटा काढला, वर तेलाचे चार थेंब, तिखट, कांदा, लिंबू. गरम भाकरीच्या मधोमध तो आडवा ठेवला आणि भाकर गुंडाळली. त्याच्या हातात दिली. लांबट, गरम, दोन्ही टोकांनी थोडा बाहेर आलेला.

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. चावत होता. सुका बोंबील चावायला वेळ लागतो, त्याने बोलणं कमी होतं, म्हणून आमच्याकडे जुन्या काळी भांडणं कमी असावीत. मग त्याने विचारलं, "याला काय म्हणतात?"

"बोंबील."

"इंग्लिशमध्ये?"

इथे मला राहवलं नाही. म्हटलं, "बॉम्बे डक."

त्याने गुंडाळी उलगडून आत पाहिलं. भाईंदरच्या गाडीवर पाहिलं होतं तसंच. "हे बदक आहे?"

"नाही. मासा."

मग मी त्याला सांगितलं की डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, डब्याला वास यायचा, म्हणून डाकचं डक झालं अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट सोयीची आहे, पण आपल्याकडे रेल्वे सुरू झाली 1853 साली आणि इंग्रजीत हे नाव त्याच्या आधीपासून आहे. साहेबाने माशाला बदक का म्हटलं ते साहेबालाच ठाऊक. पाहुण्याला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. ज्यात कुत्रा नसतो असा डॉग खात वाढलेल्या मुलाला बदक नसलेल्या डकचं काय!

वयनींनी विचारलं, "काय बोलतो यो?"

"डॉग मागत होता," मी म्हटलं, "डक मिळालं."

त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. "डुक्कर? डुक्कर कनचं? बोंबील हाय तो!" त्या रागावल्या आणि रागाच्या भरात दुसरा बोंबील जाळीवर ठेवला.

पुढचे दहा दिवस पोरगा दुपारी आमच्याकडे जेवला नाही. 'बाहेर' जेवायचा. शेजारच्या ओट्यावर.

जाताना वयनींनी अर्धा किलो बोंबील बांधून दिले, उत्तनचे, बांबूवर जोडीजोडीने टांगून उन्हात कडक सुकवलेले. बहिणीने ते वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग तिच्या जुन्या साडीत, मग आणखी एका प्लास्टिकमध्ये गुंडाळले. आता वास बाहेर येणं शक्य नाही असं तिने जाहीर केलं.

भाईंदरला जाताना आम्ही शेअर रिक्षात बसलो. बॅग माझ्या मांडीवर. बहीण आणि नातू मागे, तिसरा प्रवासी अनोळखी, मी पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. मुर्ध्याच्या वळणावर मागच्या अनोळखी गृहस्थांनी हळूच नाकाला रुमाल लावला. बहीण बाहेर पाहू लागली. ड्रायव्हरने आरशात एकदा, बॅगेकडे एकदा पाहिलं आणि रिक्षा थोडी हळू केली.

"उत्तनचे का?" त्याने विचारलं. "काय भावाने भेटले?"