सामोआत साहेब कसे व्हावे

अभिनंदन! आपियातल्या सरकारी खात्यात तुम्ही विभागप्रमुख झालात. खुर्ची मिळाली, आता तिच्यावर बसायचं कसं, ते शिका.

आधी हाताखालच्या माणसांची यादी मागवा आणि त्यात मताई कोण कोण आहेत ते पाहा. मताई म्हणजे घराण्याने पदवी देऊन नेमलेला प्रमुख. घराण्याच्या जमिनीचा कारभार त्याच्याकडे आणि गावाच्या पंचसभेत जागा त्याला. संसदेची निवडणूक आजही फक्त मताईच लढवू शकतात. तुमचा ड्रायव्हर मताई आणि तुम्ही नाही, असं निघालं तर तुमची साहेबी कचेरी सुटेपर्यंतच. उशिरा आल्याबद्दल त्याला मेमो जरूर द्या. मात्र आधी त्याची पदवी आदराने उच्चारा, आवाज खाली आणा आणि बसलेल्या मंडळींसमोरून जावं लागलं तर कमरेत वाकून ‘तुलोउ’ म्हणा. एवढं होईपर्यंत मेमो कशाबद्दल होता ते दोघांच्याही लक्षात राहत नाही.

तुम्ही बाई असाल तर वाट थोडी वळणाची आहे. बाईला मताई मानायला काही गावं अजून तयार नाहीत. त्या मानाने पंतप्रधान होणं सोपं. २०२१ साली फियामे नाओमी मताआफा झाल्या.

आता पगार. तो तुमचा आहे हा गैरसमज पहिल्याच महिन्यात काढून टाका. घराण्यात मयत, लग्न किंवा पदवीदान निघालं की त्याला फालावेलावे म्हणतात, आणि त्यात रोकड, डुकरं, डबाबंद मासळीची खोकी आणि केवड्याच्या जातीच्या पानांच्या तलम चटया लागतात. एकेक चटई विणायला महिने जातात, तेव्हा ‘घरात नाही’ ही सबब आयत्या वेळी चालत नाही. उरलेले पैसे चर्चचे. आपल्याकडे लग्नात लाउडस्पीकरवर आहेर पुकारतात, तशी अनेक चर्चमध्ये नाव आणि रक्कम सर्वांसमक्ष वाचली जाते. साहेबाचा आकडा शिपायापेक्षा कमी निघाला तर सोमवारी शिस्तीवर भाषण देऊ नये. सरकारने २०१८ पासून पाद्र्यांच्या उत्पन्नावर कर लावला, तेव्हा देशातलं सर्वात मोठं चर्चच विरोधात उभं राहिलं होतं. सरकारची ही गत, तर विभागप्रमुखाने चर्चशी हिशेबाची हुज्जत घालू नये हे बरं.

रविवारी फाइल घरी नेऊ नका. पहाटे तापल्या दगडांवर जेवण रचायचं, मग प्रार्थना, मग जेवण, मग झोप. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापाराची घडी बसावी म्हणून सामोआने ३० डिसेंबर २०११ हा अख्खा शुक्रवार गाळला. न उगवलेल्या त्या दिवसाचा पगारही दिला. रविवारला मात्र कुणी हात लावला नाही.

घरी पोचल्यावर साहेबीचा सदरा उतरवा आणि वडीलधाऱ्यांना ताट वाढा. इथे पदवी मिळते ती वर्षानुवर्षं केलेल्या सेवेवर. व्यवस्थापनाच्या शिबिरात हे शिकवत नाहीत. माझ्या मते ते शिबिरापेक्षा शहाणपणाचं आहे, खर्चिक असलं तरी. वाढणारा हात दिसला नाही, तर बढतीच्या पत्राला घरात कुणी विचारत नाही.

हाताखालच्या माणसाने अंत्यविधीसाठी रजा मागितली तर मुकाट्याने सही करा. तुमच्या घरी प्रसंग येईल तेव्हा चटया घेऊन तोच येणार आहे.