वाघ घरी गेल्यावर

गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकातून चार रस्ते फुटतात. एक चंद्रपूरला जातो, एक आरमोरीला, एक धानोऱ्याला आणि एक चामोर्शीला. नोकरीत होतो तेव्हा वाटायचं, निवृत्त झालो की रोज एकेका रस्त्यानं फिरायला जायचं. चार दिवसांत चारी दिशा, पाचव्या दिवशी पुन्हा पहिली. पेन्शन सुरू झाल्यावर कळलं की या गावात फिरायचा रस्ता फिरणारा ठरवत नाही. तो वाघ ठरवतो, नाही तर ऊन ठरवतं, नाही तर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे ठरवतात. या तिघांना सवड नसेल त्या दिवशी मॅडम ठरवते.

मॅडम म्हणजे आमची सौभाग्यवती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली, पण गाव तिला अजून मॅडमच म्हणतं, आणि गावाच्या विरोधात जाण्याचा माझा स्वभाव नाही. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. जन्मभर लोकांची शेतं मोजली. आता मॅडम माझी पावलं मोजते.

पावलांचं हे प्रकरण पुण्याच्या मुलानं लावून दिलं. दिवाळीला येताना त्यानं दोघांसाठी मनगटी घड्याळं आणली. वेळ सोडून ती बाकी सगळं सांगतात. "बाबा, दहा हजार झालीच पाहिजेत," असं बजावून तो पुण्याला गेला, आणि तिथं दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानात गाडीनं जातो. दहा हजारच का, हे मी शोधून काढलं. साठच्या दशकात जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. म्हणजे आकडा दवाखान्यातून आला नाही, दुकानातून आला. ही माहिती मी मॅडमला उत्साहानं दिली. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आता बूट घाला."

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला आणि त्यानंतर काही वर्षांनी माझी इथं नेमणूक झाली. तेव्हा गडचिरोलीचा आदेश हातात पडला की नातेवाईक भेटायला यायचे. येताना सांत्वनाची वाक्यं तयार करून आणायचे. खात्यात कुणी वरिष्ठांशी वाद घातला की त्याला इकडं पाठवत. मी कुणाशीच वाद घातला नव्हता, तरी आलो, आणि आरमोरीची मुलगी बघून इथलाच झालो. सासरे म्हणाले होते, "जावई सरकारी आहे, पन बदली होऊन जाईल जी." मी निवृत्त होईपर्यंत ते माझ्या बदलीची वाट बघत होते.

मी आलो तेव्हा गावाच्या आसपास वाघाची चर्चा फारशी नव्हती. लोकांची भीती वेगळी होती आणि तिच्याविषयी मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. मग गेल्या दहा-बारा वर्षांत ब्रह्मपुरीकडच्या जंगलात वाघांना जागा अपुरी पडू लागली आणि तिथले तरणे वाघ वैनगंगा ओलांडून इकडं आले. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल, त्यामुळे त्यांना घर शोधायला वेळ लागला नाही. माझ्या धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर वाघाचा कारभार फार सुटसुटीत आहे. झाडावर पंजे ओढायचे, बुंध्यावर फवारा मारायचा, हद्द कायम. मोजणी फी नाही, नोटीस नाही, लगतच्या कब्जेदारांचे जबाब नाहीत, अपील तर नाहीच. हेच काम एका बांधासाठी करताना माझ्या टेबलावर तीन पिढ्यांचे कागद यायचे.

एप्रिल संपला की सूर्य आणि वाघ यांचं आमच्याबाबतीत एकमत राहत नाही. सूर्याचं म्हणणं, पहाटेच उरकून घ्या, सातनंतर रस्त्यावर दिसलात तर माझ्याकडं येऊ नका. पारा पंचेचाळिशीच्या पुढं जाणाऱ्या मुलखात हे म्हणणं गंभीरपणे घ्यावं लागतं. वनखात्याचं म्हणणं, उजाडायच्या आत जंगलालगत पाऊल टाकू नका. मे महिन्यात आमच्याकडं साडेपाचच्या सुमारास उजाडतं. वाघ घरी गेला आणि ऊन घराबाहेर पडलं नाही अशी जी तासाभराची फट उरते, तिच्यात गडचिरोलीतले सगळे मधुमेही, सगळे रक्तदाबवाले आणि पोलीस भरतीची तयारी करणारी सगळी पोरं एकाच वेळी रस्त्यावर येतात. पोरं आम्हाला धक्का मारून पुढं जातात आणि मागं वळून म्हणतात, "सॉरी मॅडम." धक्का मला लागलेला असतो.

गावात वीस ते पन्नासच्या दरम्यानचा कुणीही भेटला तरी तो मॅडमच्या हाताखालून गेलेला असतो. त्यामुळे तिच्यासोबत चालणं म्हणजे दर शंभर पावलांवर हजेरी. भाजीवाली थांबवते, पोलीस शिपाई थांबवतो, पानठेल्यावर खर्रा घोटणारा पोरगा तिला बघून पन्नी खिशात कोंबतो आणि उभ्या उभ्या दोन्ही हात मागं घेतो. मी पुढं जाऊन झाडाखाली उभा राहतो. घड्याळ हातावर थरथरतं आणि सांगतं, आता हालचाल करा. ते मॅडमला सांगायला हवं.

यात सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी म्हणजे आमचा वनरक्षक. त्याला सातचा पाढा कधी आला नाही, हे मॅडम अजूनही सांगते, त्याच्यासमोर. पण मातीतला ठसा बघून नर की मादी, रात्री गेला की पहाटे, हे तो मोटरसायकलवरून न उतरता सांगतो. सकाळी तो फाट्यावर भेटला की मॅडम विचारते, "काय रे, आज कुठं?" तो अदबीनं म्हणतो, "मॅडम, आज सेमान्याकडं नका जाऊ जी. आरमोरी रोडनं जा." सेमाना म्हणजे चामोर्शी रस्त्यावरचं हनुमानाचं ठिकाण. मारुतीवर माझी श्रद्धा आहे, पण सातचा पाढा न येणाऱ्या त्या पोरावर जास्त आहे.

खरी बातमी तेवढीच असते. पुढं ती पानठेल्यांवरून चालू लागते आणि आमच्यापेक्षा बरीच वेगानं चालते. पहिल्या ठेल्यावर ठसा दिसलेला असतो. दुसऱ्यावर बकरी गेलेली असते. तिसऱ्यावर दोन पिलंही असतात, आणि चौकात पोचेपर्यंत वाघ बसस्टँडवर बसून गेलेला असतो. मी सवयीनं चतुःसीमा विचारतो: पूर्वेस काय होतं, पश्चिमेस काय होतं? मग सांगणाऱ्याचा उत्साह मावळतो. "तुम्ही जाऊन मोजून या न जी," असं एकानं मला सांगितलं आहे.

ताडोब्याची गंमत अशी की तिथं लोक कित्येक आठवडे आधी ऑनलाइन बुकिंग करतात, मोहर्लीच्या गेटावर पहाटे कुडकुडत उभे राहतात, जिप्सीचे हजारो रुपये मोजतात आणि सांबर बघून परततात. आमचा पुण्याचा मेहुणा असाच आला होता. वाघ दिसला नाही म्हणून दिवसभर घुम्यासारखा बसला होता. मी त्याला म्हटलं, उद्या आमच्यासोबत फिरायला चल, फुकट आहे. तो आला नाही. ताडोब्याला मंगळवारी सुट्टी असते. आमच्याकडं तीही सोय नाही.

वाघापासून सावध राहण्याच्या सूचना आम्हाला पाठ आहेत. एकट्यानं जाऊ नका, मोठ्यानं बोलत चला, खाली वाकू नका, कारण वाकलेला माणूस वाघाला चार पायांचा वाटतो. पहिल्या दोन सूचना मॅडमनं लग्नापासूनच पाळलेल्या आहेत. तिसरी पाळणं तिला जमत नाही. मृगाचे दोन पाऊस पडले की रस्त्याच्या कडेला तरोट्याची भाजी उगवते आणि मॅडम वाकते. वनखातं म्हणतं वाकू नका, तरोटा म्हणतो वाक. अशा वेळी मी तिच्यामागं काठी घेऊन उभा राहतो. काठी वाघासाठी आहे असं ती माहेरी सांगते. खरं तर ती लांझेडा वस्तीतल्या कुत्र्यांसाठी आहे. सुंदरबनात मध गोळा करणारे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं हा आपल्याकडंच बघतोय, असं मी तिला वाचून दाखवलं. ती तरोट्याचा शेंडा खुडत म्हणाली, "तुम्हाला मुखवटा कशाला? मतदार ओळखपत्रावरचा फोटो लावा."

पावसाळ्यात वाघाचं महत्त्व जरा कमी होतं, कारण आरमोरी रस्ता पाण्याकडं जातो. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले यावर नदीकाठचं सगळं गणित चालतं. इकडं कठाणी नदी फुगते, पुढं पाल नदी रस्त्यावर येते आणि नागपूरची एसटी बंद होते. सगळी पेन्शनर मंडळी मग छत्र्या घेऊन पूर पाहायला निघते. पूर पाहण्यात व्यायाम किती होतो ते घड्याळाला कळत नाही, पण चर्चा भरपूर होते. तीत वडसा-गडचिरोली रेल्वे हमखास येते. ५२ किलोमीटरचा हा मार्ग होणार म्हणून ऐकत आम्ही नोकऱ्या केल्या आणि निवृत्त झालो. पुलावरून परतताना बाया पळसाच्या पानांवर सात्या (अळंब्या) आणि वास्ते (बांबूचे कोंब) मांडून बसलेल्या असतात. मॅडम भाव करते, मी पिशवी धरतो. आम्ही वजन कमी करायला निघतो आणि दीड किलो घेऊन परततो.

मोहाच्या दिवसांत मात्र माझी ही बडबड माझी मलाच बरी वाटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात, ढोरं यायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात आणि वाकूनच काम करतात. त्यांना आमच्यासारखं रस्ता बदलून आरमोरीकडं जाता येत नाही. पुढं मे महिन्यात तेंदूपत्ता. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून १३ माणसं मारल्याचा ठपका असलेला सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला, तेव्हा आम्हा फिरणाऱ्यांत कुणी विनोद केला नव्हता. घड्याळ बांधून चालणाऱ्याला वाघ भेटण्यापेक्षा टोपली घेऊन जाणारीला भेटणं कितीतरी सोपं आहे, आणि सूचनांचे फलक बहुतेक आमच्या वाटेवर लावलेले आहेत.

माझे साडू चंद्रपुरात राहतात. त्यांच्यापुढं आमच्या फिरण्याची काही किंमत नाही. त्यांना गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा गेटातून आत शिरून पठाणपुरा गेटातून बाहेर निघण्याचा थाट आहे, रामाळा तलाव आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी परकोटावरची झाडंझुडपं काढली, त्यामुळे आता तटावरून चालताही येतं. साडूंना याचा अभिमान इतका, की तट त्यांनीच बांधला असं वाटावं. मी वाघाचं नाव काढलं की ते शांतपणे म्हणतात, "आमचा वाघ वीज केंद्रात येतो." यावर माझ्याकडं उत्तर नाही. २९२० मेगावॉटच्या केंद्राच्या आवारात हिंडणाऱ्या वाघापुढं कठाणीकाठचा आमचा वाघ अगदी खेड्यातला वाटतो. साडूंचे पांढरे बूट मात्र महिनाभरात कोळशाच्या धुळीनं राखाडी होतात, तेवढं समाधान मी बाळगून आहे.

हिवाळा हा आमचा खरा मोसम. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, आणि नाटक रात्री दहाला सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालतं. आम्ही स्वेटर, कानटोपी चढवून निघतो तेव्हा माणसं नाटक पाहून घोंगडी पांघरून परतत असतात, रडून डोळे लाल. एकदा मॅडम त्यांच्यातल्या एका माजी विद्यार्थ्याला म्हणाली, "रात्रभर जागलास, आता शेतात काय काम करशील?" तो म्हणाला, "मॅडम, शेवट लय दुःखाचा होता जी." शेवट ऐकण्यात अर्धा तास गेला. तोपर्यंत ऊन वर आलं, मग चहा झाला, तर्री-पोहे झाले. त्या दिवशी पावलं भरली नाहीत. मॅडमनं घरी आल्यावर अंगणात फेऱ्या मारायला लावल्या.

राहिला चंद्रपूर रस्ता. सकाळी तो सभ्य आहे. संध्याकाळी त्याच्यावर जाणं मी सोडलं. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. वैनगंगेपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. तेव्हापासून पुलाच्या दिशेनं हवा खायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. जाताना मंडळी शिस्तीत डावीकडून जातात. येताना रस्त्याची रुंदी मोजत येतात. ती मोजणी आमच्या खात्यात ग्राह्य धरत नाहीत.

तर यायचं असेल तर डिसेंबरात या. उन्हाळ्यात येऊन मला दोष देऊ नका. घड्याळ घरी ठेवा, पिशवी आणा. सातच्या आधी दार वाजवू नका, वनरक्षकाचा फोन तोवर आलेला नसतो. आणि वाटेत मॅडमनं तुम्हाला सातचा पाढा विचारला तर न अडखळता म्हणा; नाही तर परत येईपर्यंत तो तुमच्याकडून पाठ करून घेतला जाईल.